पाहुणे येऊ नयेत

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नव्हे, आमच्या गावात कुणालाही विचारा. डी.एड. करून नोकरी काही लागली नाही, पण अक्षर मात्र कामाला लागलं. लग्नपत्रिकांवरची नावं, बचत गटाचे ठराव, गणपतीपुढच्या कार्यक्रमांचा फळा, सगळं फिरून फिरून आमच्या ओसरीवर येतं. मी आधी 'मला वेळ नाही' म्हणते आणि मग हात पुसत लिहायला बसते. नवरा म्हणतो, तुला कुणी लिहायला सांगितलं नाही तर तू आजारी पडशील. खोटं नाही ते.

करोनाच्या पहिल्या वर्षी टाळेबंदी लागली, तेव्हा गावाने परतूरकडून येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. शेजारी बोर्ड लावायचं ठरलं. काळा रंग दिलेला पत्रा, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन गावच्या करोना समितीची तीन माणसं अंगणात उभी राहिली, तोंडाला उपरणी बांधून.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुमच्या मनानं लिहा वैनी. भायेरच्या मानसानं यायचं न्हाई, असं कायतरी."

'बाहेरचा माणूस' मला कोरडं वाटलं. शब्द कसा, वाचणाऱ्याला आपला वाटला पाहिजे, असा माझा शहाणपणा. मी लिहिलं, 'पाहुणे येऊ नयेत. गाव बंद आहे.' ओळी सरळ आल्या. 'ण'ला मी शेवटी एक बारीक शेपटी काढते, तीही छान आली.

सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यातून बोर्ड वाचला आणि म्हणाल्या, "पाहुन्याला येऊ नको म्हनून राह्यली? असं लिहू ने बाई."

"आत्याबाई, रोग आलाय," मी म्हणाले आणि हसले. समितीची माणसंही हसली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. गावाच्या वेशीवर माझं अक्षर!

तेव्हा माझी नणंद पुण्यात होती आणि तिला आठवा महिना लागत होता.

ही नणंद म्हणजे माझ्या हाताखाली वाढलेली पोर. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सातवीत होती. सासरे आधीच गेलेले. तिच्या दोन वेण्या मी घालायची, तिचं अक्षर मी वळवलं. ओसरीवर पाटी घेऊन तिला रोज पानभर गिरवायला लावायची, आणि 'ण'ची शेपटी राहिली की पुन्हा लिहायला लावायची. ती वैतागायची, पण लिहायची. लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग माझ्या गळ्यात पडून त्याहून जास्त रडली. बायका म्हणाल्या, भावजयीसाठी एवढी रडणारी नणंद पाहिली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. सासूबाईंनी तर तिला तिसरा महिना लागला तेव्हाच जालन्याला जाऊन मस्तगडमधल्या दुकानातून बाळासाठी मलमल आणली होती. टाळेबंदी लागायच्या आधीची गोष्ट. स्वतःची दोन जुनी सुती लुगडी फाडून त्यांनी दुपटी शिवली. कुंची शिवली. सगळं एका पांढऱ्या गाठोड्यात बांधून कपाटात ठेवलं. मधूनच गाठोडं सोडायच्या, मोजायच्या आणि पुन्हा बांधायच्या.

एरवी ती रेल्वेने परतूरला उतरली असती आणि आम्ही सगळे स्टेशनवर घ्यायला गेलो असतो. गाड्या बंद. जावयाने कुठून कुठून परवाना काढला, एक गाडी ठरवली, आणि मे महिन्यात एका सकाळी नववा लागलेली ती पोर एकटीच त्या गाडीत बसून निघाली. जावयाला कामावरून सुट्टी नव्हती आणि परवानाही एकाच माणसाचा मिळाला होता.

समितीचा नियम असा की पुण्या-मुंबईहून येणाऱ्याने चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं. नवरा समितीकडे जाऊन आला. म्हणाला, "ते म्हणून राह्यले, दिवस गेलेल्या बाईला घरात ठेवता येतं, मागची खोली निराळी काढा, तिकडूनच जाणं-येणं करा. घरच्यांनी हमी द्यायची."

आमच्याकडे मागची खोली होती. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या तिच्यात, नवऱ्याचं मंठ्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. अर्ध्या दिवसात रिकामी झाली असती. तिला दार वेगळं, न्हाणी जवळ. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी काय म्हणाले तेही लिहायला हवं.

मी म्हणाले, "आत्याबाईंना शुगर आहे. आपल्या पोरीला बाळदमा आहे. काही झालं तर?"

हे खरंच होतं. माझी लेक तेव्हा चार वर्षांची, रात्ररात्र तिची छाती वाजायची. मला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण त्या भीतीच्या आड आणखी एक गोष्ट लपून बसली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. बोर्ड मी लिहिला होता. गावातल्या तीन घरांच्या पोरांना त्या बोर्डाने शाळेत बसवलं होतं. आता आमच्याच घरी सवलत घेतली तर पाणंदीवर, पिठाच्या गिरणीवर बायका काय बोलतील? लोकांचं तोंड मला त्या रोगाहून जवळचं वाटत होतं.

नवरा गप्प बसला. माझं म्हणणं पटलं की तो असाच गप्प बसतो, आणि नाही पटलं तरी असाच बसतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या येळी बाळंतिणीला धा दिस शिवत नव्हते. पर खोली घरातच असायची. घराच्या भायेर कुनी काढत नव्हतं."

मी ऐकलं आणि भाजी चिरत राहिले.

गाडी बाभळीच्या फांद्यांपाशी थांबली तेव्हा आम्ही अलीकडे उभे होतो. ती उतरली, कमरेवर हात ठेवून. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, चपलांचे पट्टे रुतलेले. सासूबाईंनी पदराखालून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या काढला. लांबून आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग ती आत येणार. त्या पुढे निघाल्या तसा मी त्यांचा दंड धरला.

"लांबूनच, आत्याबाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फांद्यांच्या अलीकडूनच त्यांनी तो तुकडा हवेत तीनदा फिरवला, लेकीच्या दिशेने, आणि बाजूला टाकला. पाणी टाकलं ते आमच्याच पायावर उडालं. नणंदेला हसू आलं. सगळेच हसले. मग तिची नजर बोर्डावर गेली.

"अक्षर तुमचंच न वैनी? 'ण'वरून वळखलं."

"हो," मी म्हणाले. तिने कौतुकाने म्हटलं होतं, आणि मी ते कौतुक घेतलंसुद्धा.

तिला तिसरीचा वर्ग मिळाला. तिचाच जुना वर्ग. आम्ही घरून बाज, पंखा, माठ, बादली पोहोचवली. शेजारच्या वर्गात मुंबईहून आलेलं एक कुटुंब होतं. मी दोन्ही वेळा डबा करायची आणि नवरा तो शाळेच्या कट्ट्यावर ठेवून मागे सरकायचा. डब्यात मी काही कमी केलं नाही. तूप, मऊ भात, मेथी, शेवग्याच्या शेंगा. माझ्या हातून जे होण्यासारखं होतं ते सगळं मी केलं, फक्त दार उघडलं नाही.

दुपारी सासूबाई छत्री घेऊन शाळेसमोरच्या निंबाखाली जाऊन बसायच्या. मध्ये रस्ता. ती वर्गाच्या खिडकीत. मायलेकी ओरडून बोलायच्या.

"पाय सुजून राह्यलेत का गं?"

"न्हाई माय, उतरले."

"पोट खाली आलं का?"

"माय, हळू! लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे. लोकायच्या घरी काय लेकरं होत न्हाईत?"

मेचं ऊन, पत्र्याचं छप्पर. त्या खोलीत दुपारी काय होत असेल याचा विचार मी करत नव्हते असं नाही. करत होते आणि दिवस मोजत होते. चौदा झाले की आणू, मग पायाला तेल लावू, न्हाऊ घालू. सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. बाळंतपणाच्या आधीच कशाला, मी म्हटलं, तर म्हणाल्या, "हात रिकामे ऱ्हायले की मन तिकडं पळतं."

नवव्या दिवशी सकाळी मुंबईच्या कुटुंबातली बाई शाळेच्या फाटकातून ओरडली, कळा सुरू झाल्या म्हणून. तारखेला अजून दोन आठवडे होते. आरोग्य केंद्राच्या आशाताईने गाडी बोलावली. सासूबाईंनी लुगडं बदललं, पायात चपला घातल्या आणि कपाटातलं गाठोडं काखेत घेऊन त्या ओसरीच्या पायरीवर आल्या.

"चला," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कुणास ठाऊक.

मी पायरीवर आडवी झाले. "आत्याबाई, तुम्ही नाही जायचं. शुगर आहे. तिथं आजारी लोक असतील."

"पहिलं बाळंतपण हाय तिचं. आई नको का जवळ?"

"तुम्हाला काही झालं तर तिलाच घोर लागेल."

हे फार बिनतोड वाक्य होतं. मला अशी वाक्यं सुचतात. मी त्यांच्या काखेतून गाठोडं काढून घेतलं. त्यांनी घट्ट धरलं नव्हतं, अगदी सहज सुटलं. ते मी नवऱ्याच्या हाती दिलं, त्याने नेऊन गाडीत टाकलं आणि गाडीमागे मोटारसायकलवर निघाला. सासूबाई चपला पायात तशाच घालून दुपारपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या. मी जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "तिचं व्हऊ दे."

आशाताई तिला दवाखान्यात पोहोचवून गावी परतली, तिच्यावर अख्ख्या गावाचं काम होतं. नवरा फाटकाबाहेर उभा. वॉर्डात पुरुषांना सोडत नव्हते, बाईमाणूस असेल तर एकीला सोडणार होते. आमच्याकडून बाईमाणूस नव्हतंच. सासूबाईंना मी जाऊ दिलं नाही आणि मी स्वतःही गेले नाही. माझ्या लेकीला दोन दिवस शेजारणीकडे ठेवता आलं असतं. हे मला नंतर सुचलं असं म्हणणं सोपं आहे, पण तेव्हाही सुचलं होतं.

ती आत एकटी होती. शेजारच्या खाटेवर मंठ्याकडची एक सून होती आणि तिच्यासोबत तिची म्हातारी आजी. त्या आजीनेच हिची कंबर चोळली, हिच्या तोंडाला चहाचा कप लावला. कळा वाढल्या तेव्हा हिने तिचा हात इतका दाबला म्हणे की बांगडी पिचली. हे मला खूप पुढे कळलं. "तिला मी नावबी विचारलं न्हाई," नणंद म्हणाली होती. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी खुशाल. नवऱ्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी मोबाईल कानाला लावला आणि पहिलं वाक्य विचारलं, "तिच्याजवळ कोन हाय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन आला. नवरा दुकानात, सासूबाई मागे धुणं वाळत घालत होत्या. फोन मी घेतला. हे फार बारकाईने आठवतं, कारण पुढचं सगळं त्या फोनात घडलं आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत आहे.

"वैनी, रिपोर्ट निगेटिव्ह आला. उद्या सोडून राह्यले. दादाला गाडी घेऊन धाडता का? आता तर घरी येता येईल न?" तिच्या आवाजात हसू होतं. मागे बाळ रडत होतं, मांजराच्या पिल्लासारखं.

आणि मी म्हणाले, "अगं, पण दवाखान्यातून सरळ घरात कसं? सगळ्यात जास्त तर तिथंच असतं. समिती पुन्हा चौदा दिवस म्हणेल."

समितीने असं काही म्हटलं नव्हतं. समितीला मी विचारलंही नव्हतं.

ती म्हणाली, "बाळाला घेऊन शाळेत?"

"बघू ना, काहीतरी काढू," मी म्हणाले. "पंखा आहे तिथं."

"बरं वैनी," ती म्हणाली. दोन शब्दांत माणूस परका होतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. फोन ठेवताना तिने 'मायला द्या' असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई कसाबसा गाडी घेऊन आला आणि चार दिवसांच्या लेकराला व ओल्या बाळंतिणीला दवाखान्याच्या फाटकावरूनच पुण्याला घेऊन गेला. निघाल्यावर त्याने नवऱ्याला फोन केला. सासूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "अशी कशी गेली? काई बोलली का तुला?"

मी म्हणाले, "तिलाच वाटलं, तिकडं सोयीचं पडेल."

हे मी अगदी सहज बोलले, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

लाडवांचा डबा फडताळात राहिला. पाठवायला काही साधन नव्हतं. पंधरा दिवसांनी एका दुपारी मी तो उघडला आणि उभ्या उभ्याच एक लाडू खाल्ला. का, ते मलाही सांगता येणार नाही. चांगला झाला होता. अर्धा खाल्ला आणि उरलेला डब्यात परत ठेवला.

पुढच्या वर्षी रोग ओसरल्यावर ती आली. पोर तोवर चालायला लागली होती. सासूबाईंनी दारात दोघींवरून भाकरतुकडा ओवाळला, या वेळी जवळून, आणि नातीला उचलून जे बसल्या ते तिला खाली ठेवेनात. मी पुरणपोळी केली. नणंदेने दोन वेळा म्हटलं, "वैनी, लई छान झालीय." पूर्वी ती तव्यावरची पोळी हाताने उचलून खायची आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडायची. आता तिने पिशवीतून मिठाईचा बॉक्स काढून माझ्या हातात दिला. फडताळातला ग्लास घेताना विचारलं, "हा घेऊ का?" संध्याकाळी पुण्याची गाडी होती. एक रात्रही राहिली नाही.

त्याच भेटीत सासूबाईंनी तिला विचारलं. मी चुलीपुढे होते, त्या दोघी माजघरात.

"तवा दवाखान्यातून सरळ गेली. घरी काऊन आली न्हाई गं? मी वाट पाहून राह्यलते."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. आता ती सांगणार. आणि खरं सांगते, एका क्षणाला मला वाटलं, सांगून टाक. भांड माझ्याशी. पूर्वीसारखी पाटी आपट.

"यांना सुट्टी न्हवती माय," ती म्हणाली. "जल्दी निघावं लागलं."

तिने मला सांभाळून घेतलं. पाहुणे यजमानाचं उणंदुणं काढत नाहीत, तसं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी चुलीतली लाकडं उगीच मागे-पुढे करत राहिले.

सासूबाई मागच्या साली गेल्या. रोगाने नाही, वयाने. त्यांना मी खरं सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्यांचे पाय दाबत बसायची तेव्हा दोनदा तोंडाशी आलं. एकदा त्या झोपल्या आणि एकदा मीच पाणी आणायला उठले. लेक आपल्या मनाने निघून गेली, माझ्या दारी आली नाही, हे मनात घेऊनच त्या गेल्या. हे माझं आहे, दुसऱ्या कुणाचंही नाही. रोगावर टाकता येईल तेवढं मी टाकून पाहिलं, पण रोगाने मला 'घरी ये' म्हणायला अडवलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला नणंद आली. आदल्या दिवशी फोन करून, किती वाजता पोहोचणार ते सांगून. पोर आता पहिलीत जाते. दुपारी पंगती उठल्या तशी मागच्या अंगणात हौदावर माझी लेक पाणी काढत होती. हौदावर झाकण म्हणून एक पत्रा आहे. टाळेबंदी उठल्यावर नवऱ्याने वेशीवरून काढून आणलेला, वाया कशाला घालवायचा म्हणून. मी तो अक्षरं खाली करून ठेवला होता. लेकीने झाकण काढून भिंतीला टेकवलं. पाण्याच्या ओलीने रंग बराच गेला होता, पण वरची ओळ उरली होती.

नणंद आणि मी तिथेच भांडी विसळत होतो. मी म्हणत होते राहू दे, ती म्हणत होती असू द्या वैनी. तिची पोर पत्र्यापुढे बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. नवं नवं वाचायला आलेली पोरं रस्त्यातलं काही सोडत नाहीत.

"पा… हु… णे." तिने 'ण'च्या शेपटीवरून बोट फिरवलं. "मम्मी, हे तू काढतेस तसंच आहे."

नणंद हसली. मी तांब्या पुन्हा विसळला.

"मामी, पाहुणे म्हणजे कोण?"

तिने मला विचारलं होतं. मी तोंड उघडलं. एवढं लिहिणारी बाई मी, गावाला शब्द पुरवणारी, मला त्या शब्दाचा अर्थ सांगता येईना.

नणंदेने हातातलं ताट पुसून पालथं घातलं आणि पोरीला सांगितलं, अगदी साधेपणाने, 'क' म्हणजे कमळ सांगावं तसं.

"पाहुणे म्हणजे आपण, बाळा."